विंचवाचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण ज्याचे कोठेच बस्तान बसत नाही अशा मनुष्याविषयी, थोडी कीव व थोडा उपहास मिसळून, योजीत असतो. शिक्षकाच्या नोकरीत बदल्यांचे चक्र चुकत नसल्यामुळे माझ्या वाट्यासही ही म्हण कित्येकदा आली. सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांत मिळून सहा गावे फिरून झाल्यावर सेवानिवृत्त होऊन मी मेढ्यास वेण्णाकाठच्या आपल्या जुन्या घरी येऊन स्थिरावलो, आणि आता ह्या घराचा उंबरठा ओलांडावयाचा तो केवळ साताऱ्याच्या बाजारापुरता, असा मनाशी निश्चय करून बसलो. परंतु कन्येचा संसार सिडनीस असल्यामुळे तो निश्चय टिकला नाही. २०२४ च्या जुलै महिन्यात, तिकडील शाळांना हिवाळ्याची सुटी लागताच, मुलगी, जावई, बारा वर्षांचा नातू, आठ वर्षांची नात आणि आम्ही उभयता अशी सहा माणसे घरालाच चाके लावून ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात दोन आठवडे हिंडून आलो. त्या प्रवासात जे पाहिले, त्यापेक्षा त्याने जे आठवावयास लाविले, ते वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

ह्या फिरत्या घरास तिकडे ‘कॅराव्हॅन’ म्हणतात. शब्द मूळचा फारसी ‘कारवान’. आपल्या संस्कृतात ह्याच अर्थी ‘सार्थ’ हा सुरेख शब्द आहे. व्यापाऱ्यांचा तांडा तो सार्थ, व त्याचा धुरीण तो सार्थवाह. मराठीत लमाणांचा ‘तांडा’ प्रसिद्धच आहे. बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून बायकामुलांसह मुलूखच्या मुलूख तुडविणारे हे लोक. सार्थ काय किंवा तांडा काय, पोटासाठी आणि परस्परांच्या आधारासाठी निघत असे. ज्याला घर आहे त्याने केवळ हौसेने बेघर व्हावे, ही कल्पना मात्र अगदी अर्वाचीन. तीही आता परकी राहिलेली नाही. महाराष्ट्र शासनानेसुद्धा २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे.

आमचे घर भाड्याचे होते. बाहेरून पाहावे तो एक पांढरी पेटी. आत मात्र गॅसची शेगडी, लहानसे शीतकपाट, मुलांसाठी एकावर एक बांधलेल्या दोन फळ्या, आणि दिवसा जेवणाचे मेज व रात्री पलंग अशी दुहेरी नोकरी करणारे एक आसन. सर्वात मौज वाटली ती एका नियमाची. गाडी चालू असता ह्या घरात कोणीही बसावयाचे नाही, असा तिकडचा कायदा आहे. माणसे पुढे मोटारीत पट्टे बांधून बसतात आणि घर रिकामे मागून येते. संस्कृत वैयाकरण ‘गृह’ शब्द ‘ग्रह्’ धातूपासून साधितात. जे धरून ठेवते ते गृह. येथे घराने माणसास धरून ठेवण्याऐवजी माणसांनीच घरास आकड्याने धरून ओढीत न्यावयाचे! सौभाग्यवती मागे वळून वळून पाही आणि म्हणे, “अहो, आपले घर येते आहे ना?” मुलांना ह्याचे इतके हसू येई की, पुढे दर दहा मैलांवर तीच आजीला ‘घर येते आहे’ असे सांगू लागली.

मुक्कामास पोहोचले की कामांची वाटणी ठरलेली. नातवाने चाकांखाली पाचरा द्यावयाच्या व विजेची दोरी जोडावयाची. नातीने पातळी दाखविणारा काचेचा बुडबुडा मध्यावर येतो की नाही ते पाहून ओरडून सांगावयाचे. पाण्याची टाकी अवघी शंभर लिटरांची. घरी नळ मोकळा सोडून दात घासणारी ही मुले तिसऱ्या दिवसापासून पेलाभर पाण्यात तोंड धुऊ लागली, आणि ते कोणी न सांगता, कारण टाकी रिकामी झाल्याचा काटा त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. चाळीस वर्षे वर्गात ‘पाणी जपून वापरा’ असे फळ्यावर लिहून जे साधत नाही ते एका काट्याने साधले.

आणखी एक काम होते. त्याचा उच्चार अशा मासिकात करावा की न करावा, असा क्षणभर विचार केला. तथापि करितो. ह्या घरातील शौचकूपाखाली एक पेटी असते. ती दर दोन दिवसांनी ओढून काढून, नेमून दिलेल्या जागी स्वहस्ते रिकामी करून धुवावी लागते. तेथे हे काम करावयास कोणी निराळा मनुष्य नाही. बँकेचा अधिकारी असो, शेतकरी असो, सकाळी आपापली पेटी चाकांवरून ओढीत रांगेत उभा राहून शेजाऱ्याशी हवापाण्याच्या गोष्टी बोलत असतो. आमच्या जावयांनी ते काम नातवास शिकविले, व नातवाने तिसऱ्या दिवशी मला. आपल्यासारख्या घराण्यांत हे काम पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या माथी मारून, वर त्यालाच अस्पर्श ठरविण्यात आले. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन स्वतः झाडू व घमेले घेऊन हेच सांगत होते. त्यांचे नाव मी वर्गात अनेकदा घेतले होते. ती पेटी धुताना मात्र ते नाव मला निराळ्याच रीतीने आठवले. नातवाला ह्यात काही विशेष वाटले नाही, हीच ह्या प्रवासाची मला वाटते सर्वात मोठी कमाई.

आमचा मार्ग सिडनीहून निळ्या पर्वतांची रांग ओलांडून बॅथर्स्ट, पार्क्स, डबो, निंगन, कोबार व विल्कॅनिया ह्या गावांवरून ब्रोकन हिल ह्या खाणींच्या नगरापर्यंत, म्हणजे एका बाजूने सुमारे बाराशे किलोमीटरांचा. पार्क्सपाशी मेंढरांच्या कुरणात उभी असलेली ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण पाहिली. ती १९६१ पासून कार्य करीत आहे, आणि १९६९ साली मनुष्याने चंद्रावर पाऊल ठेविले त्या प्रसंगाची चित्रे जगास पोहोचविण्यात तिचा मोठा वाटा होता. निंगनच्या पुढे मात्र गावांचे अंतर वाढत जाते. कोबारपासून विल्कॅनियापर्यंत, म्हणजे साताऱ्याहून मुंबई गाठावी एवढ्या वाटेत, एकही गाव लागत नाही. मध्ये इंधन व चहा मिळण्याचे एक ठिकाण तेवढे आहे. तांबडी माती, खुरटी झुडुपे, आणि अधूनमधून साडेछत्तीस मीटर लांबीची मालगाडी रुळांवाचून सडकेवरूनच धडधडत जावयाची. सूर्य कलला की गाडी थांबवावयाची, कारण संधिप्रकाशात कांगारू सडकेवर येतात. समोरून दुसरे फिरते घर आले की चालक स्टिअरिंगवरील एक बोट उचलून नमस्कार करतो. ओळख ना देख, पण त्या ओसाडीत ते एक बोटही पुरेसे वाटते.

कोबारजवळील मुक्कामी रात्री नऊच्या सुमारास मुलांना घेऊन बाहेर आलो. शुद्ध षष्ठीच्या आसपासची चंद्रकोर पश्चिमेस उतरली होती. तीही आपल्याकडील कोरीच्या उलट बाजूने कललेली. आकाश इतके दाट की ओळखीची नक्षत्रे शोधावयास वेळ लागला. मग दिसले ते असे की मान पार मागे टाकावी लागली. ज्येष्ठेचा तांबडा तारा अगदी डोक्यावर आणि मूळ नक्षत्रापर्यंत वळलेली वृश्चिकाची संपूर्ण नांगी माथ्यावर पसरलेली. मेढ्याच्या अंगणातून हाच विंचू दक्षिणेच्या डोंगराच्या अंगाने सरकताना मी लहानपणापासून पाहिलेला. “आजोबा, ह्याच्या पाठीवर बिऱ्हाड कुठे आहे?” असे नातीने विचारले, तेव्हा म्हण तिला ठाऊक आहे हे पाहून मला जो आनंद झाला तो मी लपवून ठेविला.

आपल्याकडे वैशाखात क्षितिजाशी मिणमिणणारा त्रिशंकू येथे उंच चढलेला होता. त्याच्या शेजारी आकाशगंगेत एक काळा डाग आहे. तेथील आदिवासी लोक त्या काळोखालाच एमू पक्ष्याचे डोके मानतात. ताऱ्यांनी नव्हे, ताऱ्यांच्या अभावाने काढलेले हे चित्र मुलांना चटकन दिसले, मला बऱ्याच वेळाने. पुढे नातवाने ध्रुव दाखवा म्हटले. ध्रुवबाळाची कथा त्याला मीच दूरध्वनीवरून सांगितलेली. परंतु विषुववृत्ताच्या इतक्या दक्षिणेस ध्रुव क्षितिजावर येतच नाही. “मग ह्यांच्याकडे अढळपद कोणाला?” ह्या प्रश्नावर मी म्हणालो की, दक्षिण ध्रुवाच्या जागी ठळक तारा नाही, ती जागा रिकामीच आहे. सगळे आकाश मात्र तिच्याभोवती फिरते. एवढ्यावर त्याचे समाधान झाले.

विल्कॅनियास डार्लिंग नदी ओलांडली. एके काळी येथे लोकरीचे गठ्ठे नेणाऱ्या वाफेच्या बोटींचे मोठे बंदर होते. नदीकाठच्या बारकिंजी लोकांची हीच ‘बाका’. त्यांचा ह्या भूमीवरील परंपरागत हक्क न्यायालयाने मान्य करीपर्यंत २०१५ साल उजाडले. ह्या लोकांची आठवण पुढे आणखी एका कारणाने होणार होती.

ब्रोकन हिल हे चांदी, शिसे व जस्त ह्यांच्या खाणींवर वसलेले नगर. १८८३ साली चार्ल्स रॅस्प नावाच्या कुंपणावर फिरणाऱ्या एका घोडेस्वारास येथील खडक वेगळा वाटला, त्यातून ते उभे राहिले. न्यू साउथ वेल्स प्रांतात असूनही हे गाव घड्याळ मात्र शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाचे लाविते, त्यामुळे हिवाळ्यात आपल्या घड्याळाशी त्याचे अंतर बरोबर चार तासांचे पडते. उंट हाकणारे सिंध, पंजाब, बलुचिस्तान व अफगाणिस्तान ह्या बाजूंचे लोक येथपर्यंत येऊन राहिले होते; त्यांची पत्र्याची लहानशी मशीद अद्याप उभी आहे.

परंतु माझ्यातील मास्तरास ज्याचे कुतूहल होते ती गोष्ट निराळी. ह्या गावी १९५६ पासून ‘स्कूल ऑफ द एअर’, म्हणजे शब्दशः आकाशशाळा आहे. ह्या प्रकारची पहिली शाळा ॲलिस स्प्रिंग्ज येथे १९५१ च्या जून महिन्यात उघडली. तिची हकिकत अशी. जॉन फ्लिन नावाच्या धर्मोपदेशकाच्या खटपटीने १९२८ साली क्लॉनकरी येथून विमानाने फिरणाऱ्या वैद्यांची सेवा सुरू झाली. पण रोगी शेकडो मैलांवर, वैद्याला कळणार कसे? म्हणून आल्फ्रेड ट्रेगर ह्याने पायाने चालवावयाचे बिनतारी यंत्र तयार केले. वैद्यासाठी घरोघर बसलेल्या त्या यंत्रांवरून शिक्षकही का बोलू नये, असे ॲडलेड मीथ्के ह्या शिक्षिकेच्या मनात आले, आणि एकेकट्या गोठ्यांवर राहणारी मुले एका वर्गात ‘बसू’ लागली. मास्तर मुलाला पाहत नसे, मूल मास्तराला पाहत नसे. हजेरी मात्र रोज होई. ह्या शतकात बिनतारी यंत्राची जागा उपग्रह व आंतरजालाने घेतली असून आता ती परस्परांस पाहूही शकतात.

आमच्या तळावरच अशी एक मुलगी भेटली. वडिलांचे काम कुंपणे दुरुस्त करण्याचे असल्यामुळे सारे कुटुंब वर्षभर फिरत्या घरातच राहते. सकाळी दार उघडे टाकून ती आपल्या पडद्यासमोर बसे आणि तिचे मास्तर भागाकार शिकवीत. नात दाराशी उभी राहून ते पाहत राही.

हे पाहत असता माझे मन तेथे राहिले नाही. ते वाळवे तालुक्यातील एका शाळेच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. वाचकांस ठाऊक आहे की, दसरा-दिवाळी उलटली म्हणजे बीड, अहिल्यानगर, जालना ह्या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या कृष्णाकाठी उतरतात. बैलगाडीत भांडी, अंथरुणे, कोंबड्या, आणि त्यांवर मुले. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती पतिपत्नीने मिळून फेडावयाची, म्हणून त्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणूनच मोजतात. कारखान्याच्या तळावर वा फडाच्या कडेस पाचटाच्या कोप्या पडतात. पहाटे आईबाप फडात जातात आणि आठ वर्षांची मुलगी दीड वर्षाच्या भावास कडेवर घेऊन कोपीपाशी राहते. विंचवाचे बिऱ्हाड म्हणावे तर हे. आमच्याच भागातील धनगर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात, त्यांचेही तसेच.

मी ज्या शाळेत होतो तिच्या कुंपणापासून टोळीचा तळ फर्लांगभरही दूर नव्हता. घंटा झाली की तळावरील मुले कुंपणाशी येऊन उभी राहत. त्यांना आत घ्यावे असे आम्ही दोघा शिक्षकांनी सुचविले तेव्हा वरून उत्तर आले की, मुले परजिल्ह्याची, त्यांचे नाव मूळ गावच्या पटावर आहे, दोन पटांवर एक नाव चालणार नाही, दाखला आणावा. दाखला आणावयाचा तो दोनशे मैलांवरून, आणि आणणार कोण? मग आम्ही संध्याकाळी तळावरच पाटी-पेन्सिल घेऊन बसू लागलो. एकवीस मुले होती. ‘ग’पर्यंत पोहोचलो असू. एके सकाळी पाहतो तो कोप्या नाहीत. टोळी रातोरात दुसऱ्या फडावर गेली होती. एका कोपीच्या जागी सारवलेल्या भुईवर कोळशाने काढलेला ‘ग’ तेवढा होता, त्याचा काना उलट्या बाजूस.

हे सारे मी मुलीला व जावयांना सांगत होतो, तोच नातवाने मध्येच विचारले, “आजोबा, शाळा त्यांच्या मागून का नाही गेली? आपले घर येते तसे?” प्रश्न पोराचा, पण मला बरोबर सापडलेला. शेकडो मैलांवरच्या एका मुलासाठी यंत्र शोधून काढणारा देश आणि फर्लांगावरच्या एकवीस मुलांना दाखला मागणारा देश, ह्यांत अंतर पैशाचे आहे असे प्रथम वाटते. परंतु पायाने चालणाऱ्या यंत्राला पैसा कितीसा लागला असेल? अंतर ह्यात आहे की, तेथे मूल कोठे आहे तेथून विचाराला आरंभ झाला आणि आपल्याकडे पट कोठे आहे तेथून.

तथापि परदेशाची स्तुती करून थांबणे न्यायाचे होणार नाही. गोठ्यावरच्या गोऱ्या मुलापर्यंत शाळा आकाशातून गेली त्याच काळात त्याच देशात आदिवासींची कित्येक मुले ‘सुधारणे’च्या नावाखाली आईबापांपासून हिरावून नेली जात होती. त्याबद्दल २००८ च्या फेब्रुवारीत तेथील पंतप्रधान केव्हिन रड ह्यांनी संसदेत राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली. म्हणून मुलाला शिकवावयाचे तर आईपासून तोडावे काय, हा प्रश्न जपूनच सोडविला पाहिजे. आपल्याकडेही प्रयत्न झाले नाहीत असे नाही. गेल्या शतकाच्या अखेरीपासून काही संस्थांनी कारखान्यांपाशी साखरशाळा चालविल्या. मूळ गावी हंगामी वसतिगृहे निघाली. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली. वसतिगृह मोठ्या मुलांना तारील. पण सहा वर्षांच्या मुलीस सहा महिने आईवाचून ठेवणे अवघड, आणि धाकट्या भावास सांभाळावयास ती हवीच असते. अशा मुलांसाठी शाळेनेच बिऱ्हाड पाठीवर घेतले पाहिजे.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त सार्थवाहांच्या कुळातील चारुदत्ताचा लहान मुलगा मातीच्या गाडीसाठी नव्हे, शेजारच्या पोराकडे पाहिलेल्या सोन्याच्या गाडीसाठी रडतो, आणि वसंतसेना आपले अलंकार उतरून त्याची मातीची गाडी भरून देते. नाटकाचे नाव ह्याच प्रसंगावरून पडले. हे नाटक मी किती वेळा वाचले त्याची गणती नाही. आता ते वाचताना मला दोन गाड्या दिसतात. एकीत माझी नातवंडे आहेत. दुसरीत कोंबड्यांच्या शेजारी ती एकवीस मुले आहेत. मातीची गाडी मोडून सोन्याची करणे माझ्यासारख्याच्या हाती नाही. तिच्यात काही घालणे मात्र हाती आहे.

कायद्यानेही आता ते सोपे केले आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात असलेल्या बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावयाचा असतो, आणि दाखला आणण्यास उशीर झाला ह्या कारणावरून तो नाकारता येत नाही. हे कलम तळावरील आईबापांस ठाऊक नसते. कित्येकदा शाळेतही ते कोणी उघडून पाहिलेले नसते. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची शेते कृष्णा-वारणेच्या काठी आहेत. पुष्कळांच्या ओळखी शाळांतून व कारखान्यांतून आहेत, आणि माझ्यासारखे निवृत्त शिक्षक तर घरोघर आहेत. आपल्या उसाचा फड तुटावयास आला म्हणजे टोळीबरोबर किती मुले आली आहेत हे एकदा मोजावे, त्यांना घेऊन जवळच्या शाळेत जावे, नकार मिळाल्यास तो लेखी मागावा. नकार लेखी मागितला की तो बहुधा मिळत नाही, हा अनुभवाचा बोल आहे. टोळी हलली तर पुढच्या गावच्या कोणा परिचितास दूरध्वनी करून मुलांची नावे व ती कोठवर शिकली ते कळवावे. पायाचे यंत्र लागत नाही, यंत्र आता प्रत्येकाच्या खिशातच आहे.

यंदाच्या हंगामासाठी वाळवे, कराड व सातारा ह्या तालुक्यांतील माझ्या नऊ जुन्या सहकाऱ्यांना मी पत्रे घातली आहेत. सहांची उत्तरे आली, तीनही होकाराची, तीन ‘प्रकृतीमुळे’. तीन फडांवर तीन मास्तर, हा आरंभ लहान आहे खरा. नातवाला हा आकडा कळविला तेव्हा त्याने विचारले की, चौथे कोण? त्याला मी उत्तर पाठविले आहे की, चौथा मी. आणि पाचव्याचा शोध चालू आहे.